पाण्यात उभं पीक तहानलेलं का?

(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



मला क्षारपड रानातल्या माळव्यावर बोलायला सांगितलंय. मी काही शास्त्रज्ञ नाही. चुका करून शिकलेय, तेवढंच सांगते.

आमचं रान शिरोळ तालुक्यात, नदीकाठचं काळं. वर्षानुवर्षं ऊस आणि मोटरीचं भरपूर पाणी. गटातून कर्ज घेऊन मी दहा गुंठ्यांत मिरची आणि घेवडा केला. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या, दुपारी रोपं माना टाकायला लागली. मला वाटलं, तहान लागली. मी आणखी दारं धरली. सगळं माळवं गेलं. हप्ते मात्र थांबत नाहीत, ते दोन करडं विकून फेडले.

आता कळतंय काय झालं ते. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तसं मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढता येत नाही. रान ओलं, पण रोप तहानलेलं. आणि जास्त पाण्यानं जमिनीखालची पाणीपातळी वर येते. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं खारं पाणी वर चढतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. तोच तो पांढरा थर.

दुसरी चूक जिप्समची. कुणीतरी म्हणालं म्हणून मी पोती आणून टाकली. माती तपासली नव्हती. बायांनो, खराब रान एकाच प्रकारचं नसतं. सामू 8.5 च्या आत आणि क्षार जास्त असतील, तर ते क्षारयुक्त रान. तिथं नुसत्या जिप्समनं भागत नाही, निचरा काढून चांगल्या पाण्यानं मीठ धुवावं लागतं. सामू 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त असेल, तर ते चोपण. पाणी वर साचून राहतं, वाळलं की दगडासारखं होतं. जिप्सम तिथं कामाचं. काही रानांत दोन्ही दोष असतात. डोळ्यांनी ठरवू नका, कागद हातात घ्या.

आता मी काय करते ते ऐका.

पीक बघून निवडते. घेवडा, गाजर, कांदा, मिरची मिठाला नाजूक. टोमॅटो, कोबी मधले. बीट, गवार आणि आपला देशी पालक बरंच सोसतात. पालक बीटाच्याच कुळातला आहे. पण बी उगवताना बीटही नाजूकच असतं, तेव्हा ओल मोडू देऊ नका.

रोपं चांगल्या मातीत तयार करते आणि जरा जून झाली की लावते. सरीला पाणी दिलं की मीठ वरंब्याच्या माथ्यावर जाऊन बसतं. म्हणून रोप माथ्यावर लावत नाही, बगलेला लावते.

पाणी थोडं थोडं, पण लवकर लवकर देते. वाफसा टिकवते. ठिबक असेल तर हलका पाऊस आला म्हणून लगेच बंद करू नका, कडेला साठलेलं मीठ मुळांकडे येतं. बोअरचं पाणी खारं असेल तर पानांवर उडवू नका, पानं करपतात.

उसाचं पाचट जाळत नाही, ओळींमध्ये अंथरते. ऊन कमी लागतं, मीठ कमी चढतं. पावसाळ्याच्या तोंडाला धैंचा पेरते आणि फुलावर येण्याआधी, साधारण दीड महिन्यानं, गाडते. शेणखत असतंच. चुलीची राख आणि साबणाचं पाणी मात्र अशा रानात किंवा परसबागेत घालू नका. दोन्हींनी खार वाढतो.

हे सगळं केलं तरी रानातलं पाणी बाहेर गेलं नाही तर मीठ कुठं जाणार? चर काढायला हवा, जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकायला हवा. माझ्या रानातलं पाणी शेजारणीच्या रानातून ओढ्याला जाणार. तिचं पाणी पुढचीच्या बांधावरून. एकटीनं चर काढला तर बांधावर भांडण होतं. दहा जणींनी मिळून काढला तर रान सुटतं. बचत आपण एकत्र करतो, मग निचरा का नाही?

सुरुवात छोटी करू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं रानातल्या सात-आठ ठिकाणची वीतभर खोल माती मिसळून अर्धा किलो आणायची. बांधाजवळची, उकिरड्याजवळची नको. पिशवीवर नाव आणि गट नंबर लिहा. सगळ्या पिशव्या एकदम तपासायला पाठवू.

कर्जाचा अर्ज त्यानंतर भरा. मी आधी भरला होता.