कोकण रेल्वे : विलीनीकरण हवेच, पण हिशेबही हवा

(सीबीडी बेलापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ११ मध्ये बेलापूर भवन उभे आहे. कोकण रेल्वे महामंडळाचे हे मुख्यालय. गंमत अशी की, महामंडळाचा स्वतःचा रूळ या नगरात नाही. त्याची हद्द रोह्यापासून सुरू होते आणि मंगळुरूजवळच्या ठोकूरला संपते. तरीही कोकणी माणसाच्या मनात बेलापूर म्हणजे कोकण रेल्वेचे दार. गाडी का रखडली, थांबा का मिळाला नाही, हे विचारायला निवेदने घेऊन माणसे येथेच येतात.

हे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत ज्या मार्गासाठी आवाज उठवला, त्याला मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना मूर्त रूप आले. विचारसरणीने ही मंडळी समाजवादी. परंतु राष्ट्रकार्याचे श्रेय देताना पक्षाची मोजपट्टी लावू नये. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी आणि कामगारांनी सह्याद्रीच्या कुशीत ९१ बोगदे खोदले. १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला आणि १ मे रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. काश्मीरमध्ये चिनाब नदीवर उभ्या राहिलेल्या आणि जून २०२५ मध्ये खुल्या झालेल्या पुलाचे कामही याच महामंडळाकडे होते.

महामंडळ स्थापन होताना त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. स्वतंत्र कंपनी असल्यामुळे कर्ज उभारून काम झपाट्याने झाले. पण तीच स्वतंत्रता पुढे अडचणीची ठरली. मध्य किंवा पश्चिम रेल्वेला अर्थसंकल्पातून जो पैसा सहज मिळतो, तो कोकणच्या वाट्याला त्या प्रमाणात येईना. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्याच्या पुढे मार्ग मुख्यतः एकेरीच राहिला. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले, २०२३ मध्ये वंदे भारतही आली. परंतु समोरून येणाऱ्या गाडीसाठी स्थानकात थांबून राहणे एकेरी मार्गावर कुणाला चुकते?

म्हणूनच भारतीय रेल्वेत विलीनीकरणाचा मार्ग निघाला. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांच्यामागोमाग २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे आणि राज्याने गुंतवलेली रक्कम परत मिळावी, या अटी राज्याने घातल्या. दोन्ही अटी रास्त आहेत. निर्णयही योग्य आहे. देशाची रेल्वे एक असावी आणि कोकणचा मार्ग तिच्या अंगणाबाहेर राहू नये.

मात्र एका गोष्टीची चर्चा फारशी झालेली नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ३९४ नुसार, सरकारी कंपनीत राज्य सरकार भागधारक असेल तर तिचा वार्षिक अहवाल राज्याच्या विधिमंडळापुढेही ठेवावा लागतो. त्यासोबत भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अभिप्रायही येतात. भागधारक हे नाते संपले की हे बंधनही संपेल. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या आमदाराला आज जो कागद हक्काने मागता येतो, तो उद्या विनंती करून मागावा लागेल. आजवर हे अहवाल किती आमदारांनी उघडून वाचले, हा प्रश्न वेगळा; पण न वाचलेला अहवाल उद्या वाचता येतो, न आलेला कसा वाचणार?

यावर उपाय आहे. रेल्वे हा विषय संविधानाच्या केंद्रसूचीत असल्याने राज्याला रेल्वेवर हुकूम चालवता येणार नाही. पण आपल्याच परिवहन खात्याला बंधन घालण्यास राज्याला कोण अडवते? अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सॅन डिएगोहून उत्तरेकडे जाणारा किनारी रेल्वेमार्ग आहे. त्याचे रूळ अनेक संस्थांच्या मालकीचे आहेत आणि सॅन क्लेमेंटे येथे कडे सरकल्याने २०२१ नंतर तेथील प्रवासी गाड्या वारंवार बंद पडल्या. तेव्हा २०२४ मध्ये त्या राज्याने कायदा करून, या मार्गाच्या सुधारणेविषयी विधिमंडळाला अहवाल देण्याची जबाबदारी आपल्या परिवहन सचिवांवर टाकली. मालकी नसली तरी उत्तरदायित्व ठरवता येते, ते असे.

महाराष्ट्राच्या अशा अहवालात काय असावे? सर्वांत आधी दरडी. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे सुटीतील विशेष गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर उतारांचे मजबुतीकरण, जाळ्या, पावसाळी गस्त आणि कमी वेगाचे पावसाळी वेळापत्रक यांवर महामंडळाने खरोखर मेहनत घेतली. तरीही जुलै २०२४ मध्ये पेडणे बोगद्यात पाणी आले आणि त्याच महिन्यात खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळून वाहतूक ठप्प झाली. कोणता उतार धोक्याचा, त्यावर किती खर्च झाला आणि किती बाकी आहे, हे दर वर्षी पावसाळ्यापूर्वी विधिमंडळाच्या पटलावर यायला हवे.

वीरपुढील दुहेरीकरणाचे टप्पे आणि मुदती त्यानंतर येतील. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले; त्याची आजची स्थितीही त्यात लिहिलेली असावी. आणि साध्या प्रवाशाचे काय? पूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्याहून सुटू लागली. डोक्यावर बोचके आणि हाताशी लेकरू घेऊन दिव्याला गाडी बदलणाऱ्या बाईला वंदे भारतचे कौतुक किती सांगावे? गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण काही मिनिटांत संपते. किती मागणी होती आणि किती जागा दिल्या, हा आकडा छापायला काय हरकत आहे?

महामंडळ अस्तित्वात आहे तोवर त्याचा अहवाल विधिमंडळापुढे येणे कायद्याने बंधनकारक आहे. विलीनीकरणाच्या अंतिम आदेशापूर्वीच कोकणातील आमदारांनी, पक्षभेद बाजूला ठेवून, परिवहन खात्याच्या वार्षिक निवेदनाचा ठराव सभागृहात आणावा. त्यासाठी आपापल्या आमदाराला पत्र लिहिण्याचे काम येथे बसलेल्या कुटुंबांना या आठवड्यातच करता येईल.