ऊन पडले की सावध!

श्रोतेहो, हिमालयात वसंताचे ऊन पडले की प्रवाशाला हायसे वाटते. पण धोका तेव्हाच वाढतो, बरं का! रात्री गोठलेले बर्फ दुपारी वितळते, पाणी आत झिरपते, थरांची पकड सुटते आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सारा थर कोसळतो.

सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ रोजी हिमस्खलनात ७ प्रवासी दगावले. परवाना १३व्या मैलापर्यंतचा. मंडळी १५व्या मैलापर्यंत गेली होती, असे पोलिसांनी सांगितले.

तेव्हा सहल नेणाऱ्या गुरुजींनो, स्थानिकांनी ‘थांबा’ म्हटले की थांबा. उतार पहाटेच, एकेकाने ओलांडा. कोणी गाडला गेलाच, तर तत्काळ उकरा. पंधरा मिनिटांनंतर आशा झपाट्याने मावळते.