केडगांवची मुक्ति

निमगांव केतकी, इंदापूर, बारामती हा मुलूख अवर्षणाचा जुना सोबती. पाऊस येईल कीं नाहीं, या विवंचनेंतच येथील पिढ्या वाढल्या. याच टापूला लागून असलेल्या दौंड तालुक्यांत, केडगांवीं, पंडिता रमाबाईंची श्रद्धा कसोटीस लागली.

रमाबाईंचे आईवडील दुष्काळांतच गेले होते. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ त मुंबईस शारदासदन काढलें. पुढें सदन पुण्यास आलें. बाईंच्या प्रार्थनेस मुली बसतात, यावरून १८९३ त वादळ उठलें. अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. तरी आपली प्रार्थना लपविण्यास बाई तयार झाल्या नाहींत.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व निराधार मुलींना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यांत प्लेग शिरला. मग केडगांवच्या माळावर शाळा, मळा, विणकाम, छापखाना उभा राहिला. तेथें प्रार्थना चालू होती आणि विहिरींचें खोदकामहि चालू होतें.

१९२१ त एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरी बायबलाचें मराठी भाषांतर त्यांनीं सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई गेल्या. श्रोतेहो, उद्यांचा भरंवसा त्यांना कधींच नव्हता. दाराशीं आलेल्या मुलीला आज घांस मिळाला पाहिजे, एवढें मात्र त्या जाणत होत्या. मुक्ति मिशन आजहि केडगांवीं चालू आहे.