भट्टी कारखान्यात, कसोटी साइटवर



 छोट्या अणुभट्ट्यांवरील ही परिषद पुणे जिल्ह्यात भरते आहे, हे उचितच. देशी अणुभट्ट्यांचे अवजड भाग घडवणारे वालचंदनगर याच जिल्ह्यातले. लहान भट्ट्याही महाराष्ट्राला नव्या नाहीत. तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन भट्ट्यांची क्षमता आज प्रत्येकी १६० मेगावॅट धरली जाते. ३०० मेगावॅटपर्यंतची ती छोटी, या हल्लीच्या व्याख्येत त्या सहज बसतात.

नवलाई आहे ती बांधणीची. भट्टीचे मोठमोठे भाग, म्हणजे मोड्यूल, कारखान्यात तयार करायचे आणि साइटवर नेऊन फक्त जोडायचे. कागदावर हे फार देखणे दिसते. अमेरिकेतील जॉर्जियाच्या व्होगल प्रकल्पात, भट्ट्या मोठ्या असूनही, हीच रीत वापरली गेली. लुइझियानातील लेक चार्ल्सच्या कारखान्यातून मोड्यूल निघाली खरी, पण उशिरा. कुठे दुरुस्ती शिल्लक, कुठे कागदपत्रे अपुरी. अणुकामात नोंद नसलेला वेल्ड हा न केलेलाच वेल्ड! सुमारे १४ अब्ज डॉलरचा अंदाज ३० अब्जांच्या पलीकडे गेला. सगळा दोष मोड्यूलचा नव्हे. पण भट्टी रचणाऱ्या वेस्टिंगहाउसने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि दोन्ही भट्ट्यांची व्यापारी वीज २०२३ व २०२४ उजाडेपर्यंत आली नाही.

नुस्केल कंपनीच्या भट्ट्या तर खरोखर छोट्या, प्रत्येकी ७७ मेगावॅटच्या. आयडाहोत तशा सहा बसायच्या होत्या. विजेचा अपेक्षित दर मेगावॅट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ वर गेला, पुरेसे ग्राहक जमेनात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. एकाच गिऱ्हाइकासाठी कारखाना चालत नाही, हे इथल्या कारखानदारांना कोणी शिकवायला नको.

कॅनडातील डार्लिंग्टन प्रकल्पाने म्हणूनच एकसारख्या चार भट्ट्यांची आखणी केली. प्रत्येक ३०० मेगावॅटची. चारही मिळून अंदाज २०.९ अब्ज कॅनेडियन डॉलर. स्वस्त मुळीच नाही, पण पहिल्या भट्टीवर हात बसलेला वेल्डर चौथीवरही असेल.

भारताने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २०,००० कोटी रुपयांची तरतूद करून २०३३ पर्यंत किमान पाच देशी छोट्या भट्ट्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या पाच एकाच आराखड्याच्या असतील की पाच तऱ्हांच्या, यावर इथल्या शॉपफ्लोअरचा हिशेब ठरेल. आणि एकसारख्या भट्ट्या किती लागतील, हे शेवटी ग्राहकच ठरवतील. त्यामुळे आजचे पहिले सत्र वीज विकत घेऊ शकणाऱ्या पोलाद आणि सिमेंट उद्योगांसाठी ठेवले आहे. त्यांनी आपली गरज आणि परवडणारा दर मोकळेपणाने सांगावा, ही स्वागत समितीची विनंती.