कपात नोकऱ्यांची, जोखीम प्रवाशांची

(चिचगड, जि. गोंदिया येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



चिचगडला एसटीचे आगार नाही. देवरी तालुक्याच्या या जंगलपट्टीत, छत्तीसगडच्या सीमेलगत, जी गाडी येते ती दूरच्या आगारातून येते. म्हणूनच एसटी कामगारांच्या लढ्याचा विचार येथे बसून करणे अगत्याचे आहे. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाची एक गाडी चुकली तर दुसरे वाहन मिळते. येथे फेरी रद्द झाली तर मुलीची शाळा बुडते, रोग्याचा दवाखाना राहतो आणि मजुराचा दिवस जातो. अशा प्रवाशाच्या दृष्टीने चालक-वाहक किती असावेत, हा प्रश्न केवळ कामगारांच्या पोटाचा राहत नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा संस्थांना पुरेशी, कार्यक्षम, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा देण्याचे कर्तव्य घालून दिले. त्याच कायद्यात व्यापारी तत्त्वांवर कारभार करण्याचीही अट आहे. या दोन कलमांतील ताण म्हणजेच एसटीचा इतिहास. गेल्या काही वर्षांत दुसऱ्या कलमाचा घोष वाढला आणि पहिल्याचा विसर पडला.

कपातीचे समर्थन नेहमी एका आकड्याने केले जाते : दर बसमागे कर्मचारी किती. हा आकडा वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु जुन्या गाड्या मोडीत काढल्या आणि नव्या घेतल्या नाहीत, तर एकही माणूस न वाढता हे प्रमाण वाढते. सुमारे अठरा हजारांचा ताफा पंधरा हजारांच्या आसपास आला. म्हणजे गाड्या कमी झाल्या शासनाच्या व व्यवस्थापनाच्या हातून, आणि ‘जादा’ ठरला कामगार! जादा ठरलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती पुढे आली. दोन माणसांचे काम एकाकडे देणारे ‘चालक तथा वाहक’ पद आले, विनावाहक फेऱ्या आल्या. ५,१५० विजेवरील गाड्या चालकासह भाड्याने घेण्याचा करार झाला. २०२५ मध्ये तर १७,४५० चालक व सहायक कंत्राटी पद्धतीने घेण्याची घोषणा झाली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. माणसांची गरज संपलेली नाही, नको आहे तो हक्क असलेला माणूस.

वाहक म्हणजे केवळ तिकिटे फाडणारा, असा समज शहरात असेल. आडवळणाच्या थांब्यावर म्हातारी नीट उतरली की नाही हे पाहूनच तो घंटी देतो. गाडी मागे घेताना मागे उभा राहतो. अपघात झाला, गाडी बंद पडली, तर चालक गाडीपाशी असताना मदत आणायला धावतो. तिकिटाचे काम यंत्र करील, ही बाकीची कामे यंत्र करीत नाही. कार्यशाळेतील यांत्रिकी कामगाराचेही तसेच आहे. त्याची जागा रिकामी राहिली की तोटा ताळेबंदात दिसत नाही, तो घाटातल्या उतारावर ब्रेक दाबताना दिसतो.

चालकाच्या विश्रांतीविषयी २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा स्पष्ट होता. सर्वसाधारणपणे दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, सलग पाच तासांपूर्वी अर्ध्या तासाची सुटी, आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास विश्रांती. मनुष्यबळ पुरेसे असेल तरच असे नियम पाळता येतात. माणसे घटली की डबल ड्युटी येते. मुक्कामी गाडीच्या बाकावर झोपलेल्या चालकाची रात्र ही दुसऱ्या दिवशीच्या पन्नास प्रवाशांची सुरक्षितता असते.

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी याच जिल्ह्यात, सडक अर्जुनी तालुक्यात, शिवशाही बस उलटून दहाहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. त्यानंतर दहा-अकरा दिवसांनीच, ९ डिसेंबरला, मुंबईत कुर्ल्याला बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसने किमान सात जणांचे बळी घेतले. तेथे कंत्राटी चालकाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न पुढे आला. प्रत्येक अपघाताचे कारण नोकरकपात आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण प्रत्येक वेळी चालकाला अटक करून चौकशी संपवणे हाही अप्रामाणिकपणाच आहे. त्याला किती तास काम होते, कोणते प्रशिक्षण होते, गाडी कोणी तपासली होती, हे विचारण्याचे काम कामगार संघटनेचे आहे. हक्क नसलेला कंत्राटी चालक ‘ही गाडी रस्त्यावर नेण्यासारखी नाही’ असे म्हणू शकत नाही. कायम नोकरी ही या अर्थाने प्रवाशाच्या सुरक्षेची हमी आहे.

समाजवादी चळवळीला हा विचार नवा नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये रेल्वेच्या इंजिन कर्मचाऱ्यांनी झगडून दहा तासांच्या ड्युटीचे आश्वासन मिळवले. ते पुरते पाळले गेले नाही, आणि त्या असंतोषाची भर मे १९७४ च्या, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील, वीस दिवसांच्या संपात पडली.

परंतु आत्मपरीक्षणही हवे. ऑक्टोबर २०२१ पासून सुमारे साडेपाच महिने चाललेल्या एसटी संपात अडीचशे आगारे थंडावली, हजारो निलंबित झाले, अनेकांनी आत्महत्या केल्या. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली. अल्प व अनियमित वेतनाने पिचलेल्यांचा तो उद्रेक न्याय्यच होता. मात्र विलीनीकरण ही एकच मागणी अग्रभागी राहिली. खेड्यातील प्रवाशाला त्यात आपली फेरी, आपली सुरक्षितता दिसली नाही. जनता सहानुभूतीने पाहत राहिली, लढ्यात उतरली नाही.

२०२३ साली इंग्लंडमध्ये रेल्वेच्या तिकीट खिडक्या बंद करण्याचा घाट घातला गेला. कामगार संघटनांनी अपंग व वृद्ध प्रवाशांच्या संघटनांना बरोबर घेतले. जाहीर सल्लामसलतीत साडेसात लाखांवर प्रतिसाद आले आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सरकारला योजना मागे घ्यावी लागली. नोकऱ्या वाचल्या, कारण त्या प्रवाशांच्या नोकऱ्या ठरल्या.

पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न येईल. एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींवर गेला आहे, हे खरे. पण तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर शासनानेच वर्षानुवर्षे घेतला आहे. रस्ता बांधताना कोणी नफा विचारत नाही, मग त्या रस्त्यावरून गरिबाला नेणाऱ्या गाडीलाच तो का विचारावा? कपातीने खर्च नाहीसा होत नाही. तो महामंडळाच्या वहीतून पुसला जातो आणि प्रवाशाच्या माथी मांडला जातो.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावी रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद ठेवावी, ग्रामसभेत ठराव करावेत आणि ते चालक-वाहकांच्या मागण्यांना जोडावेत. रिक्त पदे कायम स्वरूपात भरा, विश्रांतीचा कायदा पाळा, फेरी बंद करण्यापूर्वी गावाला विचारा, या तीन मागण्या एकाच निवेदनात याव्यात आणि त्याखाली कामगार व प्रवासी, दोघांच्याही सह्या असाव्यात.