दुखत नाही तो पाय सांभाळा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



साखरेचा आजार हा गादीवर बसणाऱ्यांचा, राबणाऱ्याला तो होत नाही, असे आपण समजत आलो. तो हिशेब चुकला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींवर मधुमेही. खेड्यांतही वीस वर्षांवरच्या शंभर माणसांत सुमारे नऊ. आणि जगभरच्या अभ्यासांचा अंदाज असा की, शंभर मधुमेहींपैकी १९ ते ३४ जणांच्या पायाला कधी ना कधी चिघळणारी जखम होते. मधुमेहात पाय कापावा लागतो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशाच जखमेने झालेली असते.

हे होते कसे? साखर वर्षानुवर्षे चढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. आधी मुंग्या येतात, आग होते, मग पाय बधिर होतो. दुखणे हा पायाचा राखणदार. तोच झोपला, तर ज्वारीचे धसकट तळव्यात घुसले तरी कळत नाही. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. बिडी-तंबाखूने आणखी अरुंद होतात. मग जखमेला रक्त पोचत नाही, ती भरत नाही. गुलाबी बोंडअळीसारखेच हे. बोंड वरून हिरवेगार, आत सारे पोखरलेले.

जास्त धोका कुणाला? ज्याचा आजार जुना, साखर आटोक्यात नाही, पायाला भेगा किंवा कुरूप आहे, बोटे वाकडी झाली आहेत, जो अनवाणी चालतो. आणि ज्याला एकदा जखम होऊन गेली, त्याला सगळ्यांत जास्त.

परीक्षा घरीच करता येते. मधुमेही माणसाने डोळे मिटावेत. दुसऱ्याने त्याच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच बोट लावावे. सहापैकी दोन ठिकाणी कळले नाही, तर पाय बधिर होतो आहे असे समजा आणि डॉक्टरला दाखवा.

पऱ्हाटीच्या रानात अनवाणी जाऊ नका. पायताण घालण्याआधी झटका, आत हात फिरवा. कुरूप ब्लेडने कापू नका, बिब्बा लावू नका, बधिर पाय शेकू नका. जखम दिसली, पाय सुजला, काळा पडला, वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेचणी संपू द्या म्हणाल, तर पायच जाईल.

बैल लंगडला की आपण औत सोडतो, खूर उचलून काटा शोधतो. बधिर पायाचा माणूस लंगडतसुद्धा नाही. म्हणून रोज संध्याकाळी पाय धुवा, कोरडे करा, तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. नजर पोचत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. यात लाज कसली? आपली शेती याच दोन पायांवर उभी आहे.