दुखावलेली पाठ आणि वाऱ्यावरची फळी



चार वर्षांपूर्वी माझ्या कमरेच्या मणक्याला इजा झाली. आता दिवाळीनंतर गोव्यात मोरजीला काइटबोर्डिंग शिकायला जातो म्हटल्यावर घरात एकच प्रश्न: "ही पाठ घेऊन?"

प्रश्न रास्त आहे. या खेळात हवेतला मोठा पतंग आपल्याला फळीसकट पाण्यावरून ओढतो. ती ओढ कमरेच्या पट्ट्यावर येते. उंच उडी मारून आपटलो, तर धक्का मणक्याला बसतो. म्हणून मी क्रम ठरवला आहे. आधी डॉक्टरांची परवानगी आणि पोट-पाठीच्या स्नायूंचा व्यायाम. मग वाळूवर छोटा पतंग आणि शेवटी पाणी. पट्टा मांड्यांतून जाणारा घ्यायचा, म्हणजे ओढ खाली राहते. वारा बेताचा हवा, उड्या नाहीत. पायाला मुंग्या आल्या, की थांबायचे.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. बॉक्सिंग सुटले, ते पोहू लागले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

त्यांच्यापुढे माझे दुखणे किरकोळ. पण खडोलीच्या कारखान्यांत, कचेऱ्यांत पाठ धरलेले आपल्यातही बरेच आहेत. सगळ्यांनी समुद्रावर जावे असे नाही. काय जमणार नाही ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. जे जमेल ते मात्र भीतीपोटी सोडू नका.

गणपती बाप्पा मोरया!